बोटीचं नाव काढलं आणि कावळा शिवला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते कोळंबी सोलायचं. कुवेतला, सलवा भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, ओट्यापाशी पेपर पसरून. ती सोलायची, मी काळा दोरा काढायचो. "डोळे गेलेत तुमचे, निम्मे दोरे आतच," म्हणाली. मी म्हटलं, "मग तूच काढ." दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

तिला गावी नेलं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा समोरच्या फांदीवर बसून राहिला. मी हात जोडले. म्हटलं, कुवेत सोडतो, गावच्या घराचं काम पुरं करतो. ढिम्म! चुलते ओरडले, "अरे, तिचा जीव कशात अडकलाय ते बोला!" तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तिकिटं काढलेली ती बोटीची सहल रद्द करत नाही. बाबांना घेऊन जातो." कावळा तीरासारखा खाली आला.

माझ्या डोक्यात भुंगा शिरला तो तेव्हापासून. जन्मभर बरोबर राहिलो आणि तिला हवं ते मला ठाऊक नाही? वर्षसुद्धा झालं नव्हतं, तरी कावळ्याला दिलेला शब्द, म्हणून विमानानं अर्धी दुनिया ओलांडून त्या बोटीवर चढलो.

चौथ्या दिवशी एका कॅरिबियन बेटावर उतरवलं. माड आमच्यासारखेच, पण नारळ खाली पडून कुजलेले. मुलगा आणि नात पाण्यात गेले. मला बसवेना. वाळूत दोन फेऱ्या मारल्या, मग नारळ उचलून एका जागी रचायला लागलो. तिथला एक माणूस हसत काहीतरी बोलला. मी आपला रचतोच आहे.

सून आली. "बाबा, जरा बसा ना."

"बसून काय अंडी घालू?"

"लोक बघतायत."

"बघू देत. तू मला सांग, तुझ्या सासूला या बोटीत काय दिसलं होतं? खाडी ओलांडायच्या साध्या तरीत बसली तरी डोळे मिटून घ्यायची ती."

सून माझ्या हातातला नारळ घेऊन खालीच बसली. "पाण्याचं काही नव्हतं हो. मी त्यांना सांगितलं होतं, बोटीवर आठ दिवस स्वयंपाक नसतो. त्यांना पटेचना. पुन्हापुन्हा विचारायच्या, 'चहासुद्धा नाही करायचा?'"

"मला नाही बोलली."

"बोलल्या असत्या तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी म्हणालो असतो, मग माझ्या भाकरीचं काय? सुनेला ते ठाऊक होतं. ती हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "आता मी तरी कुठे सुटले? बोटीवरही रोज पहाटे दार वाजवता. खोलीतल्या किटलीत पावडरीचं दूध कालवून तुमचा चहा मीच करते ना?"

पोरीनं खरं तेच सांगितलं. संध्याकाळी बोट सुटली. रात्रभर कूस बदलत राहिलो.

सकाळी जाग आली तशी सवयीनं चप्पल घातली आणि सुनेच्या दारापर्यंत गेलो. हात वर केला होता. खाली घेतला. जिना चढून जेवणाच्या हॉलमध्ये गेलो आणि वाढणाऱ्याला म्हटलं, "चाय." त्यानं गरम पाण्यात पुडी बुडवून आणली, दूध वेगळं, साखर वेगळी. असला चहा घरी कोणी दिला असता तर मोरीत ओतला असता. बसून सगळा प्यालो.