सिग्नल सुटला का गं?

नवऱ्याने पन्नाशीला मोटरसायकल आणली तेव्हा मी त्याला जेवायला वाढलं, पण दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारलंच. मरोळच्या कारखान्यात न्यायला-आणायला कंपनीची बस, आमच्या चारकोपात भाजी दारात मिळते, मग हे धूड कशाला? "मजा म्हणून," म्हणाला. आमचं लव्ह मॅरेज, अरे-तुरेचा कारभार. तोंडावरच सांगितलं, "डोकं फिरलंय तुझं." सोसायटीत जो तो विचारायचा, "किती देते?" म्हणजे लिटरमागे किती पळते. शेजारच्या काकांनी तर तेवढ्या पैशात सोनं घेतलं असतं तर काय झालं असतं, तेही ऐकवलं. हा आपला गाडीवर फडकं मारत हसायचा.

पहिल्याच रविवारी मला जबरदस्तीने मागे बसवून मढला समुद्रावर नेलं. आक्साच्या पुढे रस्ता मोकळा झाला, वारा कानात शिरला आणि मी, कॉलेजात जाणाऱ्या पोरींची आई, मोठ्याने ओरडले. खरं सांगते, लग्नात पण एवढी खूश नव्हते मी. मग दर रविवारी तेच. येताना मढच्या कोळणीकडून बोंबील घ्यायचे आणि घरी येऊन तळायचे.

गेल्या वर्षी त्याला काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने जाते, गेलेली परत येत नाही, गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाहेर आल्यावर हा म्हणाला, "समोरचं तर सगळं दिसतंय ना मला." मी मान डोलावली. मला रविवार हवा होता, बस.

मग आम्ही आमची पद्धत काढली. डावीकडून काही आलं की मी त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारायची, उजवीकडून आलं की उजव्या. खड्डा असला तर पाठीत गुद्दा. रिक्षा, कुत्री, उलटे घुसणारे डिलिव्हरीवाले, सगळ्यांवर नजर माझी. वारा-बिरा गेला उडत, मान दुखून यायची. कोणाचं पोर खाली आलं असतं तर? वेडेपणा चाललाय हे दोघांनाही कळत होतं, तरी रविवार आला की मी ओढणी आवळून मागे बसायचे.

गेल्या महिन्यात लिंक रोडच्या सिग्नलला माणसं रस्ता ओलांडायला लागली तसा हा थांबला, सगळ्यात पुढे आम्हीच होतो. दिवा हिरवा झाला. हा हलेना. मागून हॉर्नवर हॉर्न, एक रिक्षावाला शिवी हासडून गेला. मला वाटलं गिअर अडकला. तेवढ्यात मान न वळवता तो हळूच म्हणाला,

"सिग्नल सुटला का गं?"

दिवा त्याच्या नाकासमोर होता.

"कधीपासून दिसत नाही?"

मी त्याचा खांदा गदागदा हलवला.

"अरे मेल्या, कधीपासून?"

"पुढच्या गाड्या हलल्या की मी हलायचो," तो म्हणाला. "आज पुढे कोणीच नाही."

गाडी बंद करायला लावली, त्याला उतरवलं. हँडल धरून मी ते ओझं कसंबसं कडेला ढकललं. तो मागची सीट धरून माझ्यामागून आला. फुटपाथला लागल्यावर म्हणतो कसा, "पुढच्या रविवारी पहाटेच निघू या. रस्ता रिकामा असतो."

मला रडू फुटलं होतं, पण आवाज केला नाही. त्याच्या तोंडासमोरच मी चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. त्याला दिसलं नाही.