बुतशिकन

उमापुरातले शेजारचे एक म्हातारे दुकानदार मी पत्रकं वाटताना दिसलो की हाक मारत, "या, बुतशिकन!" आम्ही चळवळीतली पोरं पत्रकात स्वतःला मूर्तिभंजक म्हणवायचो. त्यांनी त्यासाठी निजामाच्या शाळेतला शब्द काढला होता. "बुत म्हंजे मूर्ती, शिकन म्हंजे फोडणारा. बादशहा हा किताब मिरवायचे. तुमी काय फोडलं, भाऊ?"

स्वतः मात्र साखर कारखान्याच्या दिवंगत चेअरमनच्या पुतळ्याला रोज हात जोडत. मला लई चीड यायची.

दुष्काळात, जयंतीला, पुतळा धुवायला कारखान्याचा टँकर आला. बायका रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या. दुकानदारांनी सरळ पाइप हिसकला आणि घागरींत सोडला. घागरी भरल्यावर धुळकट पुतळ्याला नेहमीसारखे हात जोडले.

"आता हात कावून जोडता?" मी ओरडलो.

"टँकर त्यांचाच हाय न्हवं!"

घोषणा माझ्या तोंडात होती. कुणाविरुद्ध द्यायची, तेच कळेना.