वरातीला दिलेली गाडी

झेंडू करपला की त्याला एक कडवट, तुरट वास येतो, आणि त्यात जळलेलं ऑइल मिसळलं की तो घशाला जाऊन चिकटतो. माघातल्या त्या सकाळी जुन्नरला इक्बालभाईंच्या गॅरेजात माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि तो वास इतक्या वेगाने अंगावर आला की मी दोन पावलं मागे सरले. रेडिएटरच्या पंख्याने आत ओढलेल्या पाकळ्या टर्बोच्या कवचावर पडून त्यांचा कोळसा झाला होता, आणि हाराचा नायलॉनचा दोरा वितळून त्यांच्यावर काळ्या शिरेसारखा गोठला होता. इक्बालभाई वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ताई, हार गाडीला घातला व्हता का गाडीच हारात गुंडाळली व्हती?" एरवी मी खळखळून हसले असते. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवरच फिरणारं आणि इंजिनाला जास्तीची हवा पाजणारं एक चिमुकलं चक्र. त्याला वेग सोसतो, उष्णताही सोसते. मात्र भरपूर तापल्यावर समोरून वारा मिळाला नाही आणि तसंच एकाएकी इंजिन बंद केलं, तर त्याच्या आसाभोवतीचं ऑइल जळून कोळसा होतं. चाकणच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे सुटे भाग तपासणारी मी, सुट्टीच्या दिवशी कळंबच्या घरून जुन्नरला येऊन या एका गाडीवर दोन वर्षं राबत होते. टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला, ब्रेकचे पॅड बदलले, वजन कमी करायला मागची सीट काढून माळ्यावर टाकली. हे सगळं एका ट्रॅक डेसाठी, दक्षिणेतल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला मिळणाऱ्या एका दिवसासाठी. मढकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर जीव मुठीत धरून, आणि समोरून येणाऱ्याचाही जीव आपल्याच मुठीत धरून, गाड्या पळवणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची मनापासून चीड आहे. वेग हवा असेल तर तो अशा ठिकाणी घ्यावा जिथे उसाची ट्रॉली आडवी येत नाही आणि शाळेतून घरी निघालेलं लेकरू रस्ता ओलांडत नाही, एवढं साधं माझं म्हणणं. पुढच्या रविवारी तो दिवस होता. रजा मंजूर झाली होती, नवं हेल्मेट पलंगाखाली ठेवलं होतं, आणि एखाद्या बाईला नवा दागिना दिसावा तसं ते मला उठता-बसता दिसत होतं. असं लिहिताना माझंच मला हसू येतं, पण ते खरं आहे.

आणि मी कामावर असताना आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझी गाडी वरातीला दिली.

घोडेगावच्या बाजूला भावकीतलं लग्न होतं. भावकीत गाडी मागितली की नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. मागणारा घरच्या कर्त्याकडे येतो, चहा होतो, आणि शब्द जातो. माझा चुलतभाऊ विलास गाडी घेऊन गेला. मागे सीट नाही म्हणून करवल्यांना पत्र्यावर सतरंजी अंथरून बसवलं. जाळी दिसेनाशी होईपर्यंत गाडीच्या तोंडाला झेंडूचे हार बांधले, आणि मग ती गाडी मुंगीच्या पावलाने डीजेच्या मागे चालली. ढोलाच्या प्रत्येक ठेक्याला विलास क्लच दाबून अॅक्सिलरेटर पार तळाला नेत होता; सायलेन्सरमधून ठिणग्या उडाल्या की पोरं नाचत होती. मांडवाच्या दारात नवरदेव उतरला आणि विलासने तशीच, तापून लाल झालेली गाडी खटकन बंद केली. मिरवणुकीत कुणी उन्हाने भोवळून पडलं असतं तर त्याला पंख्याखाली निजवलं असतं; गाडीला निवायला कुणी दोन मिनिटंही दिली नाहीत. संध्याकाळी गाडी दोरीने ओढत अंगणात आणली, तेव्हा विलासच्या चेहऱ्यावर केवळ आनंद होता. "लई वाजली राव गाडी, ताई! समद्यांनी व्हिडिओ काढले." त्याला काय बोलणार? ज्याला शिव्यासुद्धा कौतुकासारख्या वाटतात त्याच्यावर शिव्या तरी कशाला वाया घालवाव्या.

इक्बालभाईंनी टर्बोचं चाक बोटाने हलवून दाखवलं. ते कडेला घासत होतं. "रविवारचं इसरा ताई. नवा टर्बो यायला लई दिवस लागत्याल." बाहेर माघाचं कोवळं ऊन होतं, द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो जात होते, आणि जग इतकं व्यवस्थित चाललेलं पाहून माझा संताप आणखीच उकळला.

घरी आले तेव्हा आप्पा गोठ्यात वादळच्या पाठीवर खरारा फिरवत होते. वादळ हा आमचा शर्यतीचा बैल. घाटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा पळतो तेव्हा आप्पांचा श्वास थांबतो हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. शर्यतीच्या बैलाला औताला जुंपायचं नाही, ओझ्याला लावायचं नाही, परक्या हाती कासरा द्यायचा नाही, हा आमच्या घरचा धर्म. एका पुढाऱ्याने मिरवणुकीच्या बैलगाडीसाठी वादळला मागितलं होतं, तर आप्पांनी त्याला चहा पाजून, पाया पडून, रिकाम्या हाताने परत लावून दिलं होतं. म्हणजे नाही म्हणता येत होतं. या घरात, याच माणसाला, भल्याभल्यांना नाही म्हणता येत होतं.

"आप्पा, वादळला दिलं असतं का वरातीला?" मी विचारलं.

त्यांचा हात थांबला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून ते विचार करत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "वादळ माझाय पोरी. माझं कुनी मागितलं तर मी इचार करतो. गाडी तुजी व्हती. इचार करायचं ध्यानातच आलं न्हाई."

त्यात दुष्टावा नव्हता, कावा नव्हता. तो असता तर मी मोकळेपणी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि कदाचित जिंकलेही असते. माझ्या कष्टाची, माझ्या नावावरची वस्तू त्यांच्या हाताला इतकी हलकी का लागली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेणाच्या आणि ओल्या कडब्याच्या वासात आम्ही दोघं उभे होतो, मध्ये बैल शांतपणे रवंथ करत होता, आणि मला एकाएकी वाटलं की या माणसाचं माझ्यावर किती प्रेम आहे हे मला आयुष्यभर ठाऊक होतं, मी त्यांच्या हिशेबात कुठे बसते हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

आप्पांनी खरारा खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मोठ्या माणसासमोर चूक कबूल करताना ते अशी काढतात, माझ्यासमोर पहिल्यांदाच काढली होती. त्यांचे डोळे भरले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुढल्या येळंला गाडी तुला इचारून देईन."