अकरा पेनं आणि त्रिकोणमिती

दहावीचा बीजगणिताचा पेपर कसाबसा लिहून मी म्हसावदला घरी आले, तेव्हा भूमितीला दोन दिवस होते आणि तीन धडे उघडलेसुद्धा नव्हते. त्यातली त्रिकोणमिती म्हणजे माझा साक्षात काळ. पूर्वपरीक्षेत भूमितीत चाळीसपैकी नऊ मिळाले होते. मैत्रिणीबरोबर लोणखेड्याला अकरावी सायन्सला जायचं, एवढंच डोक्यात होतं, आणि त्यासाठी गणित सुटायला हवं होतं.

दोन दिवस पुरले असते. पण बोर्डाला बसलेल्या पोरीला पेन देऊन शुभेच्छा द्यायची आमच्याकडे रीत आहे. पेन देऊन माणूस गेला तर काय बिघडतं? पण तो बसतो. बसला की चहा. आई पाहुण्यांजवळ बसणार, नाहीतर वाईट दिसतं. मग चहा कोण ठेवणार? मीच.

काकू आली. "अभ्यास चालू शे ना? बस बेटा, उठू नको," म्हणाली, आणि आईने मला लगेच उठवलं. विसरवाडीहून मामा दोन बस बदलून आले, म्हणजे जेवण आलंच. मी भाकरी थापत होते आणि मामा ओट्यावरून सांगत होते, "माले गणितमा पैकीच्या पैकी व्हतात." मामांची शाळा सातवीत सुटलेली. शेजारचे रिटायर्ड गुरुजी तर वेळेचं महत्त्व सांगायला दीड तास बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा पेनं जमली. आता कोणी आलं तर मी घरी नाही म्हणून सांग, असं मी आईला हात जोडून म्हटलं. आई म्हणाली, "असं कसं? तुन्हाकरताच येतस ना लोके."

पेपरात पेन सुरेख चालत होतं, फक्त लिहायला काही नव्हतं. गणितात मी गेले.

पुरवणी परीक्षेला परत बसले तेव्हा मात्र कुत्रं फिरकलं नाही. नापास पोरीच्या घरी पेन घेऊन कोण जाणार? काकू तर बाजारात दिसली की तोंड फिरवायची. मला रडू यायचं, पण रडून झालं की अभ्यास व्हायचा. राहिलेले तिन्ही धडे आठ दिवसांत झाले. गणितात अडुसष्ट मिळाले.

तोवर लोणखेड्याच्या सायन्सच्या जागा भरून गेल्या होत्या. मैत्रीण रोज सकाळी माझ्या दारावरून एसटी धरायला जायची.

निकालाच्या संध्याकाळी सगळे पेढे खायला हजर. काकू म्हणाली, आशीर्वाद वाया जात नाही. मामा म्हणाले, "आर्ट्स बी चांगलं शे." आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चहा ठेव माय."

मी ठेवला. एवढा राग मला त्रिकोणमितीचाही कधी आला नव्हता.