नळीवाले वैद्य

लोक त्यांना आधी नुसतं वैद्यबुवा म्हणत. नळीवाले वैद्य हे नाव मागून पडलं, साहेबाच्या सरकारने बाजाराच्या टोकाला दवाखाना उघडल्यावर.

त्याआधी वैद्यबुवा रोग्याला सकाळी उपाशीपोटी बोलवत. बाईचा डावा, पुरुषाचा उजवा हात हातात घेत, अंगठ्याखाली तीन बोटं टेकवत आणि डोळे मिटून बसत. पहिल्या बोटाखाली वात, मधल्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ. हे बोटांत उतरवायला वडिलांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं घोटून घेतलं होतं. एकेका रोग्याला बराच वेळ लागे, पण घाई कोणाला होती?

दवाखान्यात घाई होती. गोरा डॉक्टर छातीला नळी लावी, कंपाउंडर बाटलीत लाल औषध भरून देई, की माणूस मोकळा. त्यातच सरकारने जाहीर केलं की आजारपणाच्या रजेला दाखला दवाखान्याचाच चालेल, वैद्याचा नाही. वैद्यबुवांची बाहेरची खोली हळूहळू ओस पडली. जे चुकूनमाकून येत तेही विचारत, "बुवा, तुमच्याकडे नळी नाही का?"

शेवटी त्यांनी पलटणीतून निवृत्त झालेल्या एका मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरकडून जुनी नळी मिळवली आणि गळ्यात अडकवली. तिच्यातून काय ऐकायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण रोगी परतले. त्यांच्याबरोबर घाईही आली. मनगटाला बोटं लावायची, छातीला नळी टेकवायची, मान डोलवायची आणि पुडी द्यायची. की पुढचा.

मुलाला त्यांनी सरकारी वैद्यक शाळेत घातलं. तो डॉक्टर होऊन त्याच दवाखान्यात लागला. घरी आल्यावर त्याने पाहिलं, वडिलांनी नळी कानांत उलटी घातली होती. तो हसला नाही. त्याने ती सरळ करून त्यांच्याच छातीवर टेकवली.

"घोडा दौडतोय की रे आत," वैद्यबुवा म्हणाले, आणि कितीतरी वेळ ऐकत राहिले.

मग मुलाने त्यांना घड्याळावर ठोके मोजायला शिकवलं. शाळेत नाडी म्हणजे तेवढंच होतं. बदल्यात वैद्यबुवांनी आपली विद्या देऊ केली, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, ती शिकून मला कोण विचारणार?" बोलण्यात उद्धटपणा नव्हता. खरं तेच बोलला होता.

पुढे एका वर्षी त्यांच्या बायकोला ताप येऊ लागला. धाप लागायची, आडवं पडवेना. वैद्यबुवा उशाशी बसले, तिचा डावा हात घेतला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आलं की आपले ओठ हलताहेत. ते ठोके मोजत होते. त्यांनी मोजणं थांबवलं, बोटं उचलून पुन्हा टेकवली, दाब कमीजास्त केला. तिन्ही बोटांखाली एकच ठकठक होती.

"काय म्हणतेय नाडी?" बायकोने विचारलं.

"मला कळत नाहीये," ते म्हणाले. "त्याला बोलावतो."

मुलाने पाठीला नळी लावली, बोटांनी ठोकून पाहिलं आणि छातीत पाणी झाल्याचं सांगितलं. सुई घालून ते काढलं. ती सावरायला पावसाळा उलटला.

वैद्यबुवांनी नळी काही उतरवली नाही, पोट तिच्यावर होतं. पण रोज सकाळी रोगी यायच्या आत ते दार लोटून बायकोचा हात घेऊन बसू लागले.

"तरुणपणी कधी इतका वेळ हात धरला नाहीत," ती म्हणाली.

"गप्प बस, नाडी हलते."

वर्षभराने मधल्या बोटाखालचं ओळखू येऊ लागलं, मग पहिल्याखालचं. तिसऱ्याचं, कफाचं, शेवटपर्यंत खात्रीने कळलं नाही. बायकोला त्यांनी ते सांगून टाकलं आणि छातीचा रोगी आला की सरळ मुलाकडे पाठवू लागले. मुलगाही जुनाट पोटदुखीवाल्यांना वडिलांकडे पाठवी, पण हळूच, तोंडी. दवाखान्याच्या कागदावर वैद्याचं नाव लिहायला मनाई होती.