कोळसे पेटेपर्यंत

गोमाजी शिंपी इस्तरीत कोळसे भरायचा, तिचं तोंड वाऱ्याकडे करून ती ओट्यावर ठेवायचा आणि सदरा काढून तिथंच जोर मारायला लागायचा. कोळसे लाल झाले की सदरा घालून पुन्हा कामाला. रिठदला माझं कापडाचं दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या ओट्यावर त्याचं मशीन. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी मला हे पाहावं लागे.

लहानपणी आम्ही एकाच तालमीत जायचो. तेव्हा मी त्याला सहज पाडत असे. पुढे लग्न झालं, दुकान अंगावर पडलं आणि माझी तालीम सुटली. त्याचीही सुटली, पण व्यायाम सुटला नाही. लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसे. एकदा मी खोचकपणे विचारलं, "गोमाजी, एवढ्या कामात तुले जोर सुचतात तरी कसे बे?"

"काम हाय म्हनून तं होते, बापू," तो हसून म्हणाला. "कपडे जास्त तं इस्तरी जास्त. इस्तरी जास्त तं जोर जास्त. येगळा वखत पाहात बसलो असतो, तं मायबी पोट तुयासारखंच झालं असतं."

ते मला लागलं. घरी बायको भर घाले. "गोमाजी भाऊजीकडं पाहा. अन् तुमी? माडी चढता तं धापा टाकता." मी मनावर घेतलं. नवा लंगोट शिवून घेतला, तोही गोमाजीकडूनच. आठवडाभरात तो खुंटीला गेला.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात केनवडचे एक गृहस्थ कापड पाहायला आले. ओट्यावर गोमाजीचे जोर चालले होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, "हा शिंपी तुमच्याहून बराच लहान दिसते."

गोमाजी माझ्याहून मोठा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "लहान कायचा? छातीचा रोग हाय त्याले. वैद्यानं सांगतलं म्हनून करून राह्यला. नाहीतं लग्नाच्या पोरीचा बाप कायले जोर मारते?"

त्यांना ते लगेच पटलं. आमच्याकडे जोर मारायचे ते पहिलवानानं, नाहीतर दुखणेकऱ्यानं.

ते गृहस्थ गोमाजीच्या सरूला सून करून घ्यायच्या विचारानं आले होते, हे मला सोयरीक मोडल्यावर कळलं.

गोमाजी माझ्याकडेच आला. "बापू, कोनं तरी मले क्षयाचा रोगी करून टाकलं. तू चाल केनवडले. तू मले लहानपनापासून पाहून राह्यला. तुया शब्द मानतील ते."

"सराईचे दिवस हायेत. दुकान कसं सोडू?" मी म्हणालो. वर शहाणपण शिकवलं, "काही दिवस जोर बंद ठेव. लोक इसरतील."

"बंद केले तं म्हनतील, आता त्याले उठवतबी नाही."

त्यानं बंद करावेत, हीच माझी इच्छा होती. सरूचं लग्न मोडल्यापेक्षा तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर जोर मारू लागला, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सरूला शेवटी मेडशीच्या एका बिजवराला द्यावी लागली. तिच्या पुढ्यात सवतीची तीन मुलं आली.

गोमाजी पुष्कळ जगला. साध्या तापानं गेला. आंघोळ घालताना मी त्याची छाती, त्याचे खांदे पाहिले. मला तर वयानं तांब्याही नीट धरवत नव्हता. त्या वेळीही मला त्याचा हेवा वाटला.

सरू आली होती. केस पिकले होते. म्हणाली, "बापूकाका, माया बाबाले रोग नव्हता. तुमाले तं माहीत होतं ना?"

"होतं, बाई."

"मंग तवा काहून नाही बोलले?"

मी पुन्हा दुकानाचं कारण सांगितलं. त्या भल्या बाईनं मान डोलावली.

आजही त्या घरची सोयरीक निघाली की कोणीतरी छातीच्या दुखण्याचं विचारतं. त्या घरात असा रोग कधीच कोणाला नव्हता. ती गोष्ट मी उठवली होती.