खो मिळाल्याबिगर

“कुणी उठू नये. मी इथंच हाय.”

आमच्या एस.टी. स्टँडच्या भोंग्यातून हे वाक्य दिवसातून पंधरा-वीस वेळा यायचं. सातारा आणि सांगलीच्या मधे कधी गाडी बदलायला उतरला असाल, तर तुम्हीही ते ऐकलं असेल आणि उठता उठता परत बाकावर बसला असाल. स्टँडचं नाव मात्र मी सांगत नाही. आमचे साहेब अजून नोकरीत आहेत आणि मीही.

बोलणारी आमची कंट्रोलर. मी त्याच डेपोत कंडक्टर, अठरा वर्षं घंटीची दोरी ओढतेय. वाक्याचा पहिला अर्धा भाग ती सरकारी मराठीत बोलायची आणि दुसरा घरच्या. आम्हाला वाटायचं, गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना ती दम देते.

केबिनमधल्या खुर्चीला ती कधी टेकून बसली नाही. अगदी कडेवर, टाचा उचलून, अंग पुढं झुकवून बसायची. तरुणपणी ती खो-खो खेळायची. जिल्ह्यात नाव होतं, नोकरीही खेळाडू म्हणूनच लागलेली. मी म्हणायची, “अगं, टेक की जरा. पाठ मोडंल.”

“सवय हाय गं. खो मिळाल्याबिगर उठायचं न्हाई. मग टेकून बसून कसं चालंल?”

ज्यांनी खो-खो खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठजणी चौकात बसलेल्या असतात. पळणारी समोरून, हाताच्या अंतरावरून गेली तरी उठायचं नाही. मागून आपल्या गड्यानं पाठीला हात लावून ‘खो’ म्हटलं तरच उठायचं, आधी उठलं तर फाऊल. ऐकायला सोपं आहे. बसून बघा म्हणजे कळेल.

विशीत तिला भारताच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. पत्र आलं आणि चार दिवसांवर हळद. होणाऱ्या सासूनं निरोप धाडला, ‘हळद लागल्यावर नवरी येस वलांडत न्हाई, आन् तारीख काय मोडायची न्हाई.’ झालं. हे ती मला हसत हसत सांगायची आणि सांगताना पेन्सिलीला टोक काढत बसायची. त्या केबिनमध्ये टोक नसलेली पेन्सिल मी कधी पाहिली नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुली जिंकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगाव गाडी पुकारून झाल्यावर भोंग्यातून आवाज आला, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. खो-खोच्या विश्वचषकात भारताच्या मुली जिंकल्या आहेत. मुलंही जिंकली आहेत. कुणी उठू नये. मी इथंच हाय.”

फेटेवाला एक म्हातारा खिडकीशी जाऊन म्हणाला, “आवं बाई, पोरी जितल्या त्ये ब्येस झालं. पर म्हसवड गाडीचं काय?”

“ती बी येनार हाय. दम धरा.”

मग ते सुरूच झालं. दोन गाड्यांच्या मधे जिथं मोकळी जागा सापडेल तिथं जगातली एक स्पर्धा. आपल्या भालाफेकवाल्यानं नव्वद मीटर ओलांडले. पॅरिसला टेनिसची अंतिम लढत पाच तासांवर चालली. त्यावर आमचा एक ड्रायव्हर म्हणाला, एवढ्यात मी मुंबईला पोचतो. दर वेळी ऐन वेळेला हातचं घालवणारा दक्षिण आफ्रिकेचा संघ एकदाचा कसोटीचा जगज्जेता झाला. आपल्या विदर्भातली एकोणीस वर्षांची पोर बुद्धिबळाचा विश्वचषक घेऊन आली. काठीच्या उडीवाला एक गडी तर महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःचाच विक्रम एका सेंटिमीटरनं मोडायचा. आमच्या कंट्रोलरचं नाव घेतलं की लोक म्हणू लागले, “व्हय, ती उडीवाली.”

साहेबांनी बोलावून झापलं. “हे स्टँड आहे, आकाशवाणी नव्हे.” तिनं मान खाली घालून ऐकलं, केबिनमध्ये आली आणि माईक हातात घेतला. “फलाट क्रमांक दोनवर तासगाव गाडी लागत आहे. जागतिक पोहण्याच्या स्पर्धेत...” मला तिच्या धाडसाचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. एवढ्याशासाठी कुणी नोकरी पणाला लावतं का?

पावसाळ्यात एकदा माझी गाडी बिघडली म्हणून ती मला घरी चहाला घेऊन गेली. घर म्हणजे स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा येणार. उंबऱ्यावर तिची सासू बसली होती. म्हातारीला विसरायचा आजार. लेकाचं नाव आठवेना, जेवली का नाही ते आठवेना. तोंड वर करून ती पत्र्यावरच्या भोंग्याकडं बघत होती. पाळी दुसऱ्या कंट्रोलरची होती, त्याचा आवाज येत होता. म्हातारी चौकटीला धरून उठायच्या बेतात होती. सुनेला बघितलं तेव्हा कुठं परत बसली.

“माझा आवाज आला न्हाई की उठती,” ती चहा गाळत म्हणाली. “दोन मिंटं सोसती, पाच न्हाई. मला हुडकत सुटती. एकदा हायवेवर सापडली, ट्रकांच्या मधे.”

मला तेव्हा उजेड पडला. गाड्यांच्या मधे शांतता राहू नये म्हणून ती जगभरच्या स्पर्धा गोळा करत होती. कुणी उठू नये हे आमच्यासाठी नव्हतंच. ते भिंतीपलीकडच्या एकीसाठी होतं. मला रडू आलं, लपवत नाही.

“शेजारणीला बसवावं. न्हाईतर कडी लावावी,” मी म्हटलं.

“शेजारीन नको, तिला बघून रडती. आन् कडी लावली तर दोघी कोंडल्या की. आता निदान एक तरी दार उघडं हाय.”

पाळी संपली की ती घरी, सुट्टी असली की घरी. आम्हा एस.टी.वाल्यांना फिरायला फुकटचा पास मिळतो, तिचा दर वर्षी कोरा जायचा. महाराष्ट्रभरच्या गाड्या पुकारणारी ही बाई त्यातल्या एकीतही बसली नव्हती.

नोव्हेंबरात आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, मागोमाग कबड्डीचा, आणि ज्यांना दिसत नाही अशा मुलींनीही क्रिकेटचा. त्याच दिवसांत सांगलीहून तिला बोलावणं आलं. जुन्या खेळाडू मैत्रिणी जमणार होत्या, एक सामना खेळणार होत्या. रविवार, दुपारी चार. पत्र तिनं माझ्याकडं दिलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

“जाशील?”

“येडी का काय. आत्यांकडं कोन बघंल?”

मी म्हटलं, तुझा आवाज मोबाईलवर भरून घेऊ. आधी तो घरातच लावून बघितला. म्हातारीनं मोबाईल उलटापालटा केला, कानाशी हलवला आणि घाबरून ओरडली, “आगं, हिला डबीत कुनी कोंडली?” नखानं उघडायला लागली तेव्हा काढून घेतला. म्हणजे आवाज भोंग्यातूनच यायला हवा. मग भरायचं काय? गाड्या भरल्या तर नसलेली गाडी पुकारली जाईल आणि लोक खिडकी फोडतील. तेव्हा तिनं पूर्ण वर्ष भरलं. जानेवारीच्या खो-खोपासून नोव्हेंबरापर्यंत, सगळे चषक, सगळे विक्रम, कोण जिंकलं, कोण रडलं, आणि प्रत्येकाच्या शेवटी, कुणी उठू नये, मी इथंच हाय. चाळीस मिनिटं झाली. वर्षभर साठवलेलं तिला एका दुपारसाठी उपयोगी पडलं.

रविवारी ती बूट पिशवीत घालून आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. सांगली गाडी लागली. ती हलेना. “नको गं. मन खातंय.”

मी मागं गेले, पाठीवर हात मारला आणि ओरडले, “खो!”

ती अशी उठली की खुर्ची मागं पडली. गाडीत चढेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही.

त्या दिवशीच्या कंट्रोलरला मी भजी चारून पटवलं होतं. गाड्या त्याच्या, मधल्या स्पर्धा माझ्या. मोबाईल माईकला लावायचा आणि मागच्या खिडकीतून उंबऱ्यावर नजर ठेवायची. दोन तास छान गेले. बुद्धिबळ चालू असताना माझ्याच मोबाईलवर नवऱ्याचा फोन आला. घाईत मी बंद करायच्या ऐवजी उचलला. अख्ख्या स्टँडनं ऐकलं, “आगं, भाकरीची दुरडी कुठं ठिवलीस?”

स्टँड हसून लोटपोट. मागच्या खिडकीतून बघितलं तर उंबरा रिकामा.

मी धावत बाहेर पडणार तोच म्हातारी केबिनच्या दारात उभी. आत आली, टेबलाखाली बघितलं, दारामागं बघितलं. “सून कुठं हाय माझी?”

खोटं बोलायला सुचलं नाही. “सांगलीला गेली, आत्या. खो-खो खेळाय.”

म्हातारीचा चेहरा कडक झाला. “आता? परवा हळद हाय, आन् आता खेळाय?”

कंट्रोलरनं उठून खुर्ची रिकामी केली. म्हातारी खुर्चीत बसली, चांगली टेकून. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तासगाव गाडी आली, गेली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “जाऊ दे. पोर हाय, हौस आसती. हळदीचं मी बघती. तिला म्हनावं, खेळून ये.”

सात वाजता ती सांगलीच्या गाडीतून उतरली. गुडघे सोललेले, केसात माती, वय दहा वर्षांनी कमी. “तीन गडी बाद केलं गं! एकीला तर सूर मारून!” सासूला केबिनमध्ये बघून तिचं हसू मावळलं. म्हातारी भिंतीला डोकं टेकून झोपली होती. मी जे घडलं ते सांगितलं, शब्दाला शब्द.

“परत सांग,” ती म्हणाली.

मी परत सांगितलं. ती सासूच्या पायाशी जमिनीवर बसली, टाचा टेकवून. “लय उशिरा दिला गं खो आत्यांनी,” एवढंच म्हणाली, आणि म्हातारीच्या पायातली चप्पल नीट केली.

उन्हाळ्यात म्हातारी गेली. तेरा दिवसांनी ती कामावर आली. पहिली गाडी पुकारली, मग सवयीनं, “कुणी उठू नये. मी...” आणि थांबली. माईक चालूच होता. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली, आणि बाकावरचं कुणीही हललं नाही.

त्यानंतर तिनं एकही स्पर्धा पुकारली नाही. जगात कोण जिंकलं, कोण हरलं, आमच्या स्टँडला कळेनासं झालं. सांगलीकडं बदली मागितली होती, ती मिळाली. निघताना डब्यातल्या टोकदार पेन्सिली मला देऊन गेली. आता तिथं एक नवा कंट्रोलर बसतो. आवाज चांगला आहे, गाड्या वेळेवर पुकारतो. खुर्चीला टेकून बसतो.

परवा तो चहाला गेला होता. मी मोबाईल काढला, नवऱ्याचा फोन येऊ नये याची आधी काळजी घेतली आणि माईकला लावला. भारताच्या मुली खो-खोचा विश्वचषक जिंकल्या. मुलंही जिंकली. मग तो आवाज म्हणाला, कुणी उठू नये. मी इथंच हाय.

बाकावरची एक बाई पिशवी घेऊन उठत होती. ती परत बसली.